अप्लिकेशन फी भरायच्या आधी एकदा विचारून तर बघा (लॉ स्कूलवाल्यांसाठी)

अमेरिकेत लॉ स्कूलला जायचं म्हटलं की जो तो आधी एलसॅटचं, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचं टेन्शन घेतो, मग तीन वर्षांच्या ट्यूशनचा आकडा बघून गार पडतो, पण ह्या दोन्हीच्या मधे एक खर्च असतो ज्याबद्दल कोणी फारसं बोलतच नाही, तो म्हणजे नुसते अर्ज टाकायचा खर्च. हिशोब मांडूनच बघा ना. एलसॅटची फी अडीचशे डॉलरच्या आसपास. मग एलसॅक, म्हणजे ही परीक्षा घेणारी आणि सगळे अर्ज जिच्या वेबसाइटवरून जातात ती संस्था, तिच्या कॅस नावाच्या सर्विसचे दोनशेच्या वर. ही कॅस तुमच्या ट्रान्स्क्रिप्ट, शिफारसपत्रं, स्कोअर असं सगळं गोळा करून एक रिपोर्ट बनवते. आणि तो रिपोर्ट शाळेला पाठवायचे दर शाळेमागे ४५ डॉलर परत वेगळे! ह्या सगळ्यावर शाळेची स्वतःची अप्लिकेशन फी, ती काही ठिकाणी शून्य असते पण बऱ्याच ठिकाणी ५० ते १०० च्या मधे. दहा शाळा धरल्या तर दीड हजार डॉलर कुठे उडाले ते कळत पण नाही, आणि एवढं करून ॲडमिशनची खात्री शून्य.

तर मुद्दा असा की ह्यातला बराचसा खर्च टाळता येतो, आणि तो टाळायला अगदी हलाखीतच असावं लागतं असंही नाही. फी वेव्हर, म्हणजे फीची माफी, ही तिथे इतकी रोजची गोष्ट आहे की ॲडमिशन ऑफिसातल्या लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही. लाज वाटते ती आपल्याला. "आपल्याला काय कमी आहे", "फुकट मागितलं तर अर्ज बाजूला ठेवतील", "बरं दिसत नाही ते", हे सगळं मी घरातूनच ऐकलंय, एकदा नाही, जेवढ्या लोकांना सांगितलं तेवढ्यांकडून. अहो बरं दिसत नाही म्हणजे कोणाला? तर कुठल्यातरी ऑफिसात बसलेल्या एका माणसाला, ज्याच्या इनबॉक्सात सकाळपासून असेच ढीगभर मेल येऊन पडलेत आणि जो तुमचं नाव संध्याकाळपर्यंत विसरणार आहे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

माझं थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं कुठून बोलतेय ते कळेल. मी बी.कॉम. भारतातून केलेलं, लग्नानंतर इकडे आले, ग्रीन कार्ड यायच्या आधीची काही वर्षं घरात बसण्यात गेली, मग एका वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस म्हणून लागले आणि तिथे फाइली लावता लावता वाटायला लागलं की हे काम आपल्याला पण जमेल की. ज्या वर्षी अर्ज केले त्या वर्षी घरात पगार एकच येत होता आणि तो पण माझा, नवऱ्याची नोकरी गेली होती. त्यामुळे फी वेव्हर हा माझ्यासाठी हौसेचा विषय नव्हताच. आता माझा मावसभाऊ अर्ज करतोय, तो इथेच जन्मलेला, आईवडील दोघं आयटीत, म्हणजे परिस्थिती एकदम उलट. त्याला पण वेव्हर मिळतायत, फक्त वेगळ्या दारातून. आम्हा दोघांची उदाहरणं एकत्र ठेवली की जवळपास सगळा विषय होतो.

सगळ्यात आधी एलसॅकचा वेव्हर. हा पहिला का, तर बाकीचं बरंच काही ह्याला लटकलेलं आहे. हा उत्पन्नावर मिळतो, तुमच्या घरात माणसं किती आणि कमाई किती हे अमेरिकन सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या आकड्यांशी ताडून बघतात. पण म्हणून "आपण काही दारिद्र्यरेषेखाली नाही" असं म्हणून सोडून देऊ नका, मर्यादा त्या रेषेच्या बऱ्याच वर असते. ह्यात दोन टियर, म्हणजे पायऱ्या आहेत. वरच्या टियरमधे दोन वेळा एलसॅट, कॅस, सहा शाळांचे रिपोर्ट एवढं सगळं माफ. खालच्या टियरमधे एक एलसॅट, कॅस आणि तीन रिपोर्ट. दोन्हीत एलसॅकचं लॉहब ॲडव्हांटेज वर्षभर फुकट मिळतं, म्हणजे जुने खरे पेपर सोडवायला मिळतात, आणि खरं सांगू का, मला ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला कारण क्लासची फी भरायची ऐपतच नव्हती. एकदा मंजूर झाला की दोन वर्षं चालतो.

आता ह्यातली महत्त्वाची गोष्ट, आणि ही ठळक अक्षरात लिहिली तरी चालेल: आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. वेव्हर मंजूर झाल्याच्या तारखेपासून पुढचंच माफ. म्हणजे एलसॅटची तारीख जवळ आली म्हणून घाईघाईत कार्ड काढून फी भरली आणि मग आठवडाभरानं वेव्हर आला, तर ते पैसे गेले. त्यामुळे अकाउंट उघडायचं, दुसरं कशालाही हात लावायच्या आधी वेव्हरचा फॉर्म भरायचा, मग बाकीचं. परीक्षेच्या रजिस्ट्रेशनची शेवटची तारीख बघून त्याच्या चांगलं आधी, कारण कागदपत्रात काही राहिलं तर ते परत मागतात आणि त्यात दिवस जातात.

कागदपत्रं म्हणजे मुख्यतः टॅक्स रिटर्न. आणि तुम्ही आईवडिलांच्या रिटर्नवर डिपेंडंट म्हणून असाल तर त्यांचं उत्पन्न पण विचारतात. इथे आमच्या मावसभावाकडे जो सीन झाला तो बघण्यासारखा होता. काका म्हणाले, "आमच्या पगाराचे कागद त्या लोकांना कशाला दाखवायचे? लागतील तेवढे पैसे मी भरतो." मावशी म्हणाली, "अहो, पण विचारायला काय जातं?" मग मलाच मधे पडून सांगावं लागलं की काका, तुमचे दोघांचे पगार धरले तर तसंही ह्याला हा वेव्हर मिळणार नाहीये, तेव्हा कागद कपाटातच राहू द्या. काकांचा चेहरा एकदम खुलला, पगार जास्त असल्याचा एवढा आनंद मी कोणाला झालेला पाहिला नव्हता.

असो. एलसॅकचा वेव्हर मिळाला की त्याचा दुसरा फायदा सुरू होतो. बऱ्याच शाळा असं ठरवूनच ठेवतात की ज्याला एलसॅकने माफी दिली त्याला आम्ही पण आमची अप्लिकेशन फी माफ करणार, परत वेगळे कागद नकोत. त्यांना विचारावं सुद्धा लागत नाही. एलसॅकच्या अकाउंटमधे शाळा निवडून, फॉर्म भरून, शेवटच्या पेमेंटच्या पानावर गेलात की फीच्या रकान्यात आपोआप शून्य दिसतं. मी पहिल्यांदा ते पान बघितलं तेव्हा वाटलं पेज नीट लोड झालं नाही, म्हणून रिफ्रेश केलं. परत शून्य. तरी मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं कारण विश्वासच बसेना, तो म्हणाला "दाब आता, नाहीतर ते परत आकडा टाकतील". पण सगळ्याच शाळा असं करत नाहीत हं, काही म्हणतात आम्हाला वेगळा फॉर्म भरून द्या, काही म्हणतात मेल करा मग आम्ही अकाउंटला टाकतो, तेव्हा प्रत्येक शाळेच्या ॲडमिशनच्या पानावर अप्लिकेशन फीचा परिच्छेद शोधून वाचायचा. कंटाळवाणं आहे पण तासाभराचं काम आहे.

ज्यांना एलसॅकचा नाही मिळाला त्यांनी इथेच थांबायचं नाही. मोठमोठ्या नामांकित शाळांचे गरजेवर आधारित स्वतःचे फॉर्म असतात, ते एलसॅकपासून वेगळे. त्यात उत्पन्न, शिक्षणाचं कर्ज, घरची जबाबदारी वगैरे विचारतात आणि बहुतेक वेळा दोन-चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायला जागा असते. ती जागा फार कामाची आहे, कारण टॅक्स रिटर्न हे गेल्या वर्षीचं असतं आणि माणसाची नोकरी जाते ती ह्या वर्षी. कागदावर तुम्ही सुखवस्तू दिसता आणि प्रत्यक्षात किराणा क्रेडिट कार्डावर चाललेला असतो. तिथे रडगाणं नाही गायचं, नुसती वस्तुस्थिती लिहायची, नोकरी कधी गेली, आता उत्पन्न किती, घरात माणसं किती. तीन वाक्यं. बास.

आता मावसभावाचं दार, म्हणजे मेरिट वेव्हर. ह्याला उत्पन्नाशी काही देणंघेणं नाही. एलसॅकच्या अकाउंटमधे कँडिडेट रेफरल सर्विस नावाची एक गोष्ट असते, सगळे सीआरएस म्हणतात, ती फुकट आहे, फक्त तुम्ही स्वतः जाऊन त्यात नाव नोंदवायला लागतं. एकदा हो म्हटलं की शाळा त्यात शोध घेऊ शकतात, अमुक स्कोअरच्या वरचे, तमुक जीपीएवाले (म्हणजे कॉलेजच्या ग्रेडची सरासरी), अमक्या राज्यातले, असे, आणि मग त्यांना जे हवे असतात त्यांना मेल पाठवतात की आमच्याकडे अर्ज करा, फी माफ. भावानं नाव नोंदवलं आणि एलसॅटचा स्कोअर जाहीर झाल्यानंतर त्याच्या इनबॉक्सात जी झुंबड उडाली ती अक्षरशः क्रेडिट कार्डाच्या प्री-अप्रूव्ड ऑफरसारखी, रोज सकाळी नवीन शाळा, नवीन डीन, "तुमच्या प्रोफाइलने आम्ही प्रभावित झालो". जुना मेल आयडी देऊ नका एवढंच सांगेन, आणि स्पॅम फोल्डर बघत जा, कारण वेव्हरचा कोड असलेले मेल नेमके तिथेच जाऊन पडतात. काही शाळा तर मेल पण पाठवत नाहीत, गुपचूप अकाउंटला वेव्हर टाकून ठेवतात, तुम्ही पेमेंटच्या पानावर गेलात तरच कळणार. म्हणून ज्या शाळेत जायचा थोडा जरी विचार आहे तिचा फॉर्म त्या पानापर्यंत नेऊन बघायचाच. सबमिट दाबेपर्यंत काही पैसे जात नाहीत.

इथे भारतातून डिग्री घेतलेल्यांसाठी एक गोम आहे आणि ती मला कोणी सांगितली नव्हती, मी अनुभवानं शिकले. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या कॉलेजचे मार्क असले की एलसॅक त्यांचा स्वतःच्या पद्धतीने जीपीए काढते. आपल्या विद्यापीठाच्या मार्कांचा असा जीपीए काढत नाहीत. त्याऐवजी ट्रान्स्क्रिप्ट तपासणीला जाते आणि शेवटी एक शेरा मिळतो, उत्कृष्ट, सरासरीपेक्षा वर, सरासरी, असा काहीतरी. आता शाळेनं सीआरएसमधे जीपीएची चाळणी लावून नावं काढली तर जिच्या नावापुढे जीपीएच नाही ती त्या चाळणीत येणार कशी? माझ्या इनबॉक्सात भावाच्या मानानं फारच कमी मेल आले, आणि आमचे एलसॅटचे स्कोअर काही जमीन-अस्मान वेगळे नव्हते. म्हणजे परदेशी डिग्रीवाल्यांनी मेलची वाट बघत बसायचं नाही, आपणहून विचारायचं. (आणि हो, ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून थेट, सीलबंद यायला लागते, त्या मागे लागायला जुलैतच सुरुवात करा, ते रामायण वेगळ्या पोस्टचा विषय आहे.)

आपणहून विचारायचं म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. भावाचा पण तोच प्रश्न, "ताई, पण लिहायचं काय गं त्यात?" काही नाही रे बाबा, पाच-सहा ओळी. ॲडमिशन ऑफिसचा मेल आयडी शाळेच्या पानावर असतो. विषयात स्पष्ट लिहायचं की फी वेव्हरबद्दल विचारणा. मग पूर्ण नाव, एलसॅक अकाउंट नंबर (हा एल पासून सुरू होतो, तो दिला नाही तर ते परत मेल करून विचारतात आणि दोन दिवस फुकट जातात). मग एक वाक्य, ह्या सीझनला अर्ज करणार आहे. मग एक वाक्य, ह्याच शाळेत का, आणि ते खरं असू द्या, "आपल्या प्रतिष्ठित संस्थेत" वगैरे नको, अमुक क्लिनिक (जिथे विद्यार्थी खऱ्या केसेसवर काम करतात) आहे, तमुक कोर्स आहे, त्या शहरात काम करायचंय, असं काहीतरी. मग सरळ प्रश्न, फी वेव्हरसाठी माझा विचार होऊ शकेल का आणि काही कागद लागतील का. धन्यवाद. संपलं. भावाने पहिला मसुदा दाखवला त्यात त्याने बालपणापासून न्यायाची आवड कशी होती तिथून सुरुवात केली होती, मी म्हटलं हे पर्सनल स्टेटमेंटला, अर्जातल्या त्या निबंधाला ठेव, इथे कोणाला वेळ नाही.

उत्तरं तीन प्रकारची येतात. एक, "तुमच्या अकाउंटला वेव्हर टाकला आहे", एका ओळीचं, कधीकधी तासाभरात. दोन, "हा फॉर्म भरा" किंवा "अमुक कागद पाठवा". तीन, "ह्या वर्षी आम्ही फक्त गरजेवर आधारित वेव्हर देतो", म्हणजे नम्रपणे नाही. नाही आलं तर नाही, पुढे चला, पण एक लक्षात ठेवा की ऑगस्ट-सप्टेंबरमधे स्कोअर नसताना मागितला आणि नाही म्हणाले, तर नंतर चांगला स्कोअर आल्यावर परत एकदा विचारायला काहीच हरकत नाही. एका शाळेने मला आधी नाही म्हणून नंतर दिला. आणि ह्याने ॲडमिशनवर परिणाम होतो का? बऱ्याच शाळा आपल्या वेबसाइटवर स्वच्छ लिहितात की वेव्हर मागितल्याचा अर्जाच्या निर्णयाशी संबंध नाही, आणि मला ते पटतं, कारण विचार करा, ज्या शाळेला एका विद्यार्थ्याकडून तीन वर्षांत लाखभर डॉलर किंवा त्याहून जास्त मिळणार आहेत ती ८० डॉलरवरून कशाला रुसेल.

उलट शाळेलाच तुमचा अर्ज हवा असतो, आणि इथे जरा सावध. मेरिट वेव्हरचा मेल आला म्हणजे ॲडमिशन जवळपास झालीच असं समजणारे खूप भेटतात. तसं नसतं. अर्ज जास्त आले आणि जागा तेवढ्याच राहिल्या की शाळेचा ॲक्सेप्टन्स रेट खाली जातो, म्हणजे शाळा जास्त अवघड दिसते, आणि यूएस न्यूज नावाची कंपनी लॉ स्कूलांचं जे रँकिंग काढते त्यात हा रेट धरला जातो. त्या रँकिंगवरून बराच गोंधळ झालेला आहे, नोव्हेंबर २०२२ मधे येल आणि हार्वर्डच्या लॉ स्कूलांनी आम्ही आता यूएस न्यूजला माहिती देणार नाही असं जाहीर केलं, मग पाठोपाठ बाकीच्या कित्येक शाळा बाहेर पडल्या आणि यूएस न्यूजला आपली पद्धत बदलावी लागली. तरी अर्ज गोळा करायची हौस काही गेलेली नाही. त्यामुळे फुकट आहे म्हणून तीस शाळांना अर्ज टाकायचा मोह होतो तेव्हा दोन गोष्टी बघा. एक म्हणजे अप्लिकेशन फी माफ झाली तरी कॅस रिपोर्टचे ४५ डॉलर बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून जातात, म्हणजे फुकट हे पूर्ण फुकट नसतं. दुसरं म्हणजे ५०९ रिपोर्ट.

हा ५०९ रिपोर्ट म्हणजे खजिना आहे. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक लॉ स्कूलला, अशा जवळपास २०० आहेत, हा दरवर्षी जाहीर करावाच लागतो. किती अर्ज आले, किती जणांना घेतलं, प्रवेश घेतलेल्यांचा एलसॅट आणि जीपीए मधला किती, वरच्या पाव भागाचा किती, खालच्या पाव भागाचा किती, स्कॉलरशिप किती जणांना आणि किती, त्यातल्या किती अटींच्या होत्या आणि पहिल्या वर्षाच्या मार्कांमुळे किती जणांच्या काढून घेतल्या, सगळं. वेव्हरच्या मेलमधे डीनची सही कितीही सुंदर असली तरी तुमचा स्कोअर त्यांच्या खालच्या पाव भागाच्या पण खाली असेल तर तो मेल तुम्हाला बोलावण्यापेक्षा मोजण्यासाठीच आलेला असू शकतो. आणि उलट, तुम्ही त्यांच्या वरच्या पाव भागात बसत असाल तर तो मेल नीट वाचा, कारण तिथे नुसती फी नाही, स्कॉलरशिपचं बोलणं पण होऊ शकतं. भावाने ज्या शाळा हसून डिलीट केल्या होत्या त्यातल्या दोन मी ट्रॅशमधून परत काढायला लावल्या. काका अजूनही म्हणतात "फुकट बोलावतायत म्हणजे चालत नसेल", पण ज्या नामांकित शाळा काकांना माहिती आहेत त्यातल्या एकीने पण भावाला फुकट बोलावलंय हे कळल्यापासून आवाज जरा खाली आलाय.

तिसरं दार म्हणजे हजेरी. एलसॅक दरवर्षी मोठ्या शहरांमधे लॉ स्कूल फोरम भरवते, ऑनलाइन पण असतात, विद्यार्थ्यांना प्रवेश फुकट. एका मोठ्या हॉलमधे शाळांची टेबलं ओळीनं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे ॲडमिशनचा माणूस, पुढे पेन, स्टिकर, कापडी पिशव्या. काही शाळा तिथे नाव नोंदवणाऱ्यांना वेव्हर देतात. पण ते फलकावर लिहिलेलं नसतं हं! मी एका टेबलाशी बराच वेळ त्यांच्या इमिग्रेशन क्लिनिकबद्दल बोलले, निघताना सहज विचारलं की फी वेव्हर देता का, तर ती बाई म्हणाली "अर्थात" आणि माझं नाव टिपून घेतलं. माझ्या आधी एक मुलगा तिच्याशी माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलून गेला होता, त्यानं विचारलं नाही, त्याला तिने सांगितलं पण नाही. शाळांच्या ऑनलाइन माहिती-सत्रांचं, कॅम्पस व्हिजिटचं पण असंच, सगळीकडे नाही पण बऱ्याच ठिकाणी हजर राहणाऱ्यांना वेव्हर मिळतो, फक्त नोंदणी करताना तोच मेल आयडी द्या जो एलसॅकला दिलाय.

पीस कॉर्प्स, अमेरिकॉर्प्स, टीच फॉर अमेरिका अशा सेवाकार्याच्या संस्थांमधे किंवा सैन्यात काम केलेल्यांना पुष्कळ शाळा सरसकट माफी देतात. आपल्या ओळखीत असे कमी, पण इथे वाढलेल्या आपल्या मुलांमधे आता आहेत, तेव्हा सांगून ठेवलं.

वेळेबद्दल. बहुतेक शाळा सप्टेंबरच्या आसपास अर्ज घ्यायला लागतात आणि रोलिंग पद्धतीनं बघतात, म्हणजे येतील तसे वाचतात आणि जागा भरत जातात. त्यामुळे वेव्हरसाठी वाट बघायची पण एक मर्यादा आहे. मेल केला, आठवडा-दीड आठवड्यात उत्तर नाही, एक आठवण करून दिली, तरी नाही, आणि ती शाळा खरंच मनातली असेल तर गपचूप फी भरा आणि अर्ज पाठवा. ८५ डॉलर वाचवायला म्हणून नोव्हेंबरचा अर्ज जानेवारीत गेला तर त्यात वाचलं काही नाही. काही ठिकाणी अर्ली डिसिजनवाल्यांना, म्हणजे लवकर अर्ज करून लवकर निकाल घेणाऱ्यांना, फी माफ असं आमिष असतं, त्याच्यापासून मात्र लांब राहा, निदान फीच्या कारणासाठी तरी नको. तिथे घेतलं तर जायलाच लागतं अशी अट असते, आणि जो जाणारच आहे त्याच्याशी स्कॉलरशिपची घासाघीस शाळा कशाला करेल?

आणि ४५ डॉलरचं म्हणाल तर काही मोजक्या शाळा अप्लिकेशन फीबरोबर हा रिपोर्टचा खर्च पण उचलतात. त्याच मेलमधे एका ओळीत विचारून घ्या, परत वेगळा मेल नको.

शेवटचा प्रश्न, जो बायकाच जास्त विचारतात, एच-फोर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांचा) किंवा एफ-वन (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असताना हे सगळं मिळतं का. एलसॅकचा स्वतःचा वेव्हर नाही मिळत, अमेरिकेतल्या शाळांसाठी तो नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि डाकावाले (लहानपणी कागदपत्रांशिवाय आलेले, ज्यांना राहायची तात्पुरती मुभा आहे) अशांपुरताच आहे. म्हणजे एलसॅट, कॅस आणि रिपोर्टचे पैसे भरावे लागणार हे धरूनच चाला. पण शाळांचे वेव्हर ही शाळांची मर्जी आहे, बऱ्याच ठिकाणी त्याला व्हिसाची अट नसते, सीआरएसमधे पण नाव घालता येतं, फोरमला पण जाता येतं. माझी एक मैत्रीण एच-फोरवर असतानाच अर्ज करून बसली आणि निम्म्याहून जास्त शाळांची फी तिला भरावी लागली नाही. तिने मेलमधे एक वाक्य जास्तीचं घातलं होतं, की माझ्या व्हिसामुळे मी एलसॅकच्या वेव्हरला पात्र नाही म्हणून थेट तुम्हाला विचारतेय. ते वाक्य घालाच, नाहीतर समोरून पहिलं उत्तर हमखास "आधी एलसॅककडे अर्ज करा" असं येतं आणि आठवडा जातो.